माणशी सहा सेंट

जिल्हा कचेरीच्या तळघरात
एकोणतीस वर्षं मी जुनी दप्तरं सांभाळते.
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
इथे येणारा प्रत्येक जण कूळच विचारत येतो,
कुणी आयोवाहून, कुणी ऑरेगॉनहून,
हातात पेन्सिलीने काढलेली वंशावळ घेऊन,
आणि कूळ काढलं की मागोमाग नदी निघतेच.

काल एक म्हातारे आले, केचमांपैकी.
"आमचा बार्नाबस इथला पहिला रहिवासी.
लिहिलेलं दाखवा."

दाखवलं.
वही पहिली, पान पहिलं, शाई कोऱ्या चहाच्या रंगाची:
बार्नाबस केचम, बायको थँकफुल, मुलं चार,
बैलजोडी एक, कढई एक, घड्याळ एक (बंद).
तराफा चालवायचा परवाना. दर:
माणशी सहा सेंट, घोड्याला बारा,
डुकराला एक,
शवपेटी फुकट, सोबतच्या माणसांचे मात्र पडतील.

म्हातारे हसले.
मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ
काही बोलले नाहीत.

"आणि गाव?"

गाव होतं. केचम्स लँडिंग.
लव्हायना स्ट्रेहॉर्न खानावळीत व्हिस्की विकायची
आणि त्याच टेबलावर, पुसून, पोरांना अक्षरं शिकवायची.
झेडॉक पिंपं बनवायचा. काळा, स्वतंत्र.
त्याच्यासाठी पाचशे डॉलरचा जामीन या कपाटात आहे,
की हा माणूस नीट वागेल.
गोऱ्यांपैकी कुणाकडूनही तसा कागद घेतलेला नाही.
मी शोधलाय.
त्याची पिंपं मात्र न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेली,
एकही गळलं नाही म्हणतात. म्हणतात. ते मी शोधू शकले नाही.

मग एका एप्रिलमध्ये रात्रीतून
नदीने कूस बदलली.
सकाळी लोक उठले तर धक्का होता,
खुंट होता, खुंटाला दोर होता,
आणि पाणी मैलभर लांब,
दुसऱ्याच कुणाच्या शेतातून चाललेलं.
तराफा गवतात बसून राहिला.
कचेरी ओंडक्यांवर चढवून बत्तीस बैलांनी
टेकडीवर, न्यू करिंथला ओढली.
आत कारकून लिहीतच होता, त्या आठवड्याचं अक्षर
वाकडं आहे, बघा.

आता तिथे मका आहे.
पण मार्चमध्ये जाऊन उभं राहिलात
तर बांधाकडेला डॅफोडिल्स उगवतात, सरळ रांगेत,
दोन ओळी, मध्ये पायवाटेएवढी जागा,
ज्या दाराकडे ती वाट जायची ते दार नाही.

म्हातारे टिपून घेत होते.
मी पान उलटलं. उलटायला नको होतं का?
दर वेळी मी हाच विचार करते आणि दर वेळी उलटते.

पान दुसरं. पहिल्या दिवसाची जमा,
बार्नाबसच्या स्वतःच्या हातची:
*बाई एक, किकापू. पलीकडून अलीकडे.
भाडं: कणसं सहा.
कुठे जाते विचारलं. घरी म्हणाली.*

त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा काढून, मग घालून.
"अलीकडे म्हणजे आपल्या बाजूला?"
"आपल्या बाजूला."
"घरी?"
"तसं लिहिलंय."
"नाव नाही लिहिलं."
"नाही."

वर नळातून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता,
कुणीतरी कप धूत असावं.

त्यांनी दोन्ही पानांची प्रत मागितली.
पानाला दहा सेंट.
खिशातून नाणी काढून टेबलावर मांडली,
मांडता मांडता वीसच्या पुढे गेली,
मी जास्तीची परत सरकवली, त्यांनी पुन्हा माझ्याकडे.
ती अजून माझ्या खणात आहेत. सहा.
कुठल्या खात्यावर घालायची कळत नाही.

पाच वाजता कुलूप लावून
मी पुलावरून निघाले.
खाली पाणी गढूळ होतं, नेहमीसारखं
काठ थोडा थोडा खात चाललेलं.
पुलावर आता कुणी पैसे घेत नाही,
कुठे जाता, असंही विचारत नाही.